सिंधू ठळक

आम्ही नाव विचारत नाही.
खराडीतल्या सातव्या मजल्यावर
हा आमचा पहिला नियम, वकिलाने तपासून दिलेला.
नावाची गरजच पडत नाही.

पडदा किती रुंद, घड्याळ कुठल्या देशाचं,
यंत्रात फॉन्ट कुठले कुठले भरलेत,
एवढ्यावर माणूस लाखात ओळखू येतो.
फॉन्टचं तर सोपं आहे:
पानावर एक शब्द लिहायचा, कुणाला न दिसणारा,
त्याची रुंदी मोजायची आणि पुसून टाकायचा.
रुंदी बदलली की समजायचं, हा फॉन्ट इथे आहे.
पापणी लवायच्या आत होतं सगळं.

तपासायच्या फॉन्टची यादी मी केली.
चारशे बारा नावं.
शेवटचं गंमत म्हणून घातलं: सिंधू ठळक.
तो जगात एकाच यंत्रावर आहे,
नारायण पेठेत, आमच्या छापखान्यात,
लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे.
अप्पांनी अख्खा उन्हाळा बसून काढला होता तो,
आईच्या नावाचा, ती असताना.
त्यातला ‘ळ’ जरा पसरट.
आई म्हणायची, हा ‘ळ’ जेवून बसलाय.
म्हणून मोजायला शब्दही मी तसाच निवडला: जवळ.

दोन वर्षं त्या नावापुढे ‘नाही’.
लाखो पाहुणे येऊन गेले. नाही.
परवा रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी:
आहे.

एका हॉस्पिटलची साइट, आमचं गिऱ्हाईक.
खिडकी खासगी उघडलेली.
कुकी चालतील का, तर ‘नाकारा’.
(नकारालाही आमच्याकडे रकाना आहे.)
पान: हातांचा कंप, कारणे आणि उपचार.
आठ मिनिटं.
पुन्हा तेच पान.
मग, कंपवात पूर्ण बरा होतो का.
मग, तपासणीची फी.

आणि माउसचा माग.
तोही ठेवतो आम्ही,
आलेला यंत्र की माणूस, हे ठरवायला.
यंत्र सरळ जातं, ताणल्या दोरीसारखं.
माणूस वळतो, चुकतो, थोडा हलतो.
त्या रात्रीची रेघ एवढी हलत होती
की प्रणालीने शंभरात नव्याण्णव दिले:
निःसंशय माणूस.

रविवारी गेलो. झेड ब्रिजवर गाडी उगाच थांबवली,
खाली नदीत काही नव्हतं बघण्यासारखं.
अप्पांनी एका पत्रिकेचं प्रूफ दाखवलं,
म्हणाले, वेलबुट्टी हल्ली मंदारकडून काढून घेतो,
डोळ्यांचं जरा झालंय.
डोळ्यांचं.
चहा अर्धाच कप ओतलेला,
आणि कप दोन्ही हातांत, थंडीत धरतात तसा.
बाहेर मे महिना.

बरं आहे ना, विचारलं.
मला काय धाड भरलीय, म्हणाले.
कोपऱ्यात यंत्राच्या पडद्यावर
आईच्या जुन्या साडीचा तुकडा पांघरलेला होता,
धूळ बसू नये म्हणून. असेल.
मी आणखी काही बोललो असतो
तर त्यांनी विचारलं असतं, तुला कोणी सांगितलं.
आणि मला सांगता आलं असतं,
अगदी मिनिटासेकंदांसकट.
मी बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं.

सोमवारी यादीतून एक ओळ काढली.
चारशे अकरा.
कुणी विचारलं नाही का, कुणाला कळलंही नाही.
आता अप्पा पुन्हा आले तरी
मला दिसणार नाहीत.
प्रणालीला दिसतील. तिला उरलेले पुरतात.

आणि पहाटे ते मुहूर्त बघायला पंचांगाचं पान उघडतील
तेव्हा शेजारी, न मागता,
त्याच हॉस्पिटलची जाहिरात असेल:
एक गोरा, स्थिर हात,
काठोकाठ भरलेला कप धरून.